ठिपक्यावरचा आरसा

गाडीत काही मोडलेलं, सैल झालेलं किंवा गळणारं सापडलं असतं तर चष्मेवाल्याला काहीच वाटलं नसतं. गाडी जुनी होती, दोन दारांची, मागून चिखल उडवत पळायची म्हणून घरात तिचं नाव कोंबडी पडलं होतं, आणि ती रोज काहीतरी मागायचीच. पण त्या सकाळी मिस्त्रीच्या गॅरेजात तो कोंबडीत बसला, पट्टा आवळला, वर बघितलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. मधला आरसा बरोबर ठिपक्यावर होता.

ठिपके ही मिस्त्रीची पद्धत. गाड्यांच्या रॅलीत सगळं घाईघाईत होतं, अशा वेळी कोण काय विसरेल याचा नेम नसतो. म्हणून सीट किती मागे, आरसा किती कलता, चाकाचा नट कुठवर आवळलेला, ज्याची जी जागा ठरली तिथे तो पिवळ्या रंगाचे दोन ठिपके समोरासमोर देऊन ठेवायचा. ठिपक्याला ठिपका भिडला की वस्तू जागेवर. त्याच्याबरोबर काम केलेला माणूस गाडीतून उतरताना सवयीने सगळं ठिपक्यावर आणूनच उतरायचा. आणि चोर इथेच फसला होता. कारण गेले दोन महिने चष्मेवाला तो आरसा मुद्दाम ठिपक्यापासून बोटभर सरकवून ठेवत होता, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे त्याच्या मागे कुणीतरी गाडी चालवली होती, आणि मग शहाण्यासारखं सगळं 'बरोबर' करून ठेवलं होतं.

आरसा का सरकवला होता, तर डाव्या डोळ्यामुळे. गावभराला चष्मे लावणाऱ्या या माणसाचा डावा डोळा गेला होता. बाहेरून बघाल तर दोन्ही डोळे सारखेच टपोरे, पण डाव्यासमोर धुरकट काचेसारखं काहीतरी येऊन बसलं होतं ते हलायला तयार नव्हतं. आपल्याला कुणी ओळखत नाही अशा लांबच्या वस्तीतल्या डॉक्टरला तो चोरून दाखवून आला. डॉक्टर म्हणाला, मागचा पडदाच गेलाय, चष्म्याने काही व्हायचं नाही, उजवा डोळा मात्र ठणठणीत आहे, तो जपा. चष्म्याने काही व्हायचं नाही, हे वाक्य चष्मेवाल्याने आजवर किती जणांना किती मायेने सांगितलं होतं. स्वतःवर आलं तेव्हा त्याला त्या डॉक्टरच्या कानफटात मारावीशी वाटली.

घरी त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिल्यांदा हातातून स्टेअरिंग गेलं असतं. ती रॅली म्हणजे हौशी लोकांचा खेळ, हे त्यालाही कळत होतं. दुकानदार, शिक्षक, दाताचे डॉक्टर असे वर्षभर खुर्चीत बसून कंटाळलेले लोक दोन दिवस जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर गाड्या दामटतात आणि शेवटी पत्र्याचा पेला घरी आणतात. पण बाकीचं सगळं वर्ष तो दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवत होता. त्या दोन दिवसांतच तो कुणीतरी होता. ती जागा गेली तर आपण नुसते दुकानापुरते उरू, या भीतीने त्याला घाम फुटायचा.

रॅली पंधरा दिवसांवर आली होती, आणि आता कुणीतरी त्या जागेवर बसून गेलं होतं.

पहिला संशय आला तो मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा आणि मदतीच्या टोळीचा म्होरक्या होता. टोळी म्हणजे तरी काय, एक जुनी व्हॅन, मेहुणा, मिस्त्री, आणि चष्मेवाल्याची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत. ताई पाण्याच्या कॅनपासून सेकंदाच्या घड्याळापर्यंत सगळं सांभाळायची आणि वर सगळ्यांना ओरडायची. मेहुण्याला पहिल्यापासून गाडी चालवायची हौस होती. तो बोलून दाखवायचा नाही, पण मुकाट्याने हौस बाळगणाऱ्या माणसावर चष्मेवाल्याचा अजिबात विश्वास नव्हता.

संशय एकदा आला की त्याला खायला कमी पडत नाही. रविवारच्या सरावाला टोळी मैदानावर जमली, तेव्हा मेहुण्याने व्हॅन नेहमीच्या जागी डावीकडे न लावता उजवीकडे लावलेली दिसली.

"इकडे का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"वारा आहे ना भावजी. डावीकडून येतो. जॅकवर गाडी हलते."

चष्मेवाल्याने बोट ओलं करून वर धरलं. वारा कुठूनच येत नव्हता. पुढे गाडीत बसल्यावर बघतो तर पाण्याचं तापमान दाखवणारा काटा डाव्या टोकाला होता तो उचलून उजवीकडे, स्टेअरिंगच्या शेजारी लावलेला.

"वायर तोकडी पडली, शेठ," मिस्त्री म्हणाला, आणि भलतीकडेच बघू लागला. वायर तोकडी पडली म्हणून काटा वायरीपासून आणखी लांब नेणारा मिस्त्री त्याने जन्मात पाहिला नव्हता.

मैदान म्हणजे एका बंद पडलेल्या पाइप कारखान्याचं मागचं आवार. एका बाजूला माणूस उभा राहील एवढ्या सिमेंटच्या पाइपांची चळत, बाकी सगळी खडी आणि धूळ. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसले लाल प्लास्टिकचे कोन मांडून त्यांनी वळणं तयार केली होती. बायको शेजारी बसून वळणांचे कागद वाचायची. गेली कित्येक वर्षं ती त्याची वाटाडी होती. घरात ती त्याला अहोजाहो करायची, पण हेल्मेट चढवलं की मान देण्याइतका वेळ नसायचा, मग सरळ "दाब! सोड! अरे सोड!" असा कारभार. त्या दिवशी ती वळणं नेहमीपेक्षा लवकर सांगत होती, विशेषतः डावी.

"इतक्या आधी कशाला सांगतेस?"

"कागदावर तसं आहे."

फेरी संपवून त्याने गाडी वळवली, तर मिस्त्री कोनांच्या दिशेने पळत निघालेला. प्रत्येक फेरीनंतर तो असाच पळायचा. विचारलं तर म्हणायचा, पाना पडला तिकडे. एवढे पाने पाडणाऱ्या माणसाच्या गॅरेजात एकही पाना शिल्लक कसा राहिला, हा चष्मेवाल्याला प्रश्नच पडला. व्हॅनपाशी मेहुणा आणि ताई हळू आवाजात बोलत होते आणि तो जवळ जाताच ताईने एकदम मोठ्याने विचारलं, "चहा?" आपली सख्खी बहीण इतक्या गोड आवाजात चहा विचारते म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, अशी त्याची खात्री पटली. त्यातच व्हॅनच्या मागच्या बाजूला टायरांच्या आड त्याला एक चपटी उशी दिसली. स्टेअरिंगवरून समोर नीट दिसावं म्हणून बुटका माणूस खाली घेईल अशी. मेहुणा बुटका होता. पुरावाच मिळाला.

पण मेहुण्याला रंगेहाथ धरायचं, तर नुसता संशय पुरणार नव्हता. चष्मेवाल्याच्या दुकानात वरच्या फळीवर एक जुना डबा होता. पूर्वी काचा हाताने घासायचे तेव्हाची झिलईची लाल पावडर त्यात होती. आता सगळं काम यंत्रावर, डब्याला कुणी हात लावत नसे. ती पावडर बोटांना चिकटली की साबणाने धुतली तरी नखांच्या कडांना राहतेच, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने सरावानंतर सगळे पांगल्यावर स्टेअरिंगच्या चामड्याची मागची शिवण त्या पावडरीने भरून टाकली, आरसा पुन्हा बोटभर सरकवला आणि साळसूदासारखा घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच मेहुण्याच्या घरी जाऊन धडकला, फ्रिजमधून आवाज येतो असं सांगून. मेहुण्याचे हात स्वच्छ होते. उलटसुलट करून बघितले.

"काय भावजी, भविष्य बघताय का?"

"तसंच समज," चष्मेवाला म्हणाला.

मिस्त्रीच्या हातांचा काही उपयोग नव्हता, त्यांच्यावर काळ्या वंगणाचा इतका जुना थर होता की लाल, हिरवं, काहीही खपलं असतं. गॅरेजात आरसा मात्र सरकवलेल्या जागीच होता. चोर आलाच नव्हता.

मंगळवारी बायकोने दुकानात यायला सकाळी उशीर केला. भाजी आणायला गेले होते म्हणाली, पण पिशवी रिकामी. दुपारी एका गिऱ्हाइकाचा चष्मा पुसायला तिने पांढरं फडकं घेतलं, काचा पुसल्या, फडकं काउंटरवर ठेवलं आणि गिऱ्हाइकाला सोडायला दारापर्यंत गेली. चष्मेवाल्याने सहज फडकं उचललं. त्याच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता. फिकट, पण लाल.

त्याने वर फळीकडे बघितलं. डबा होता तिथेच होता, त्यावरची धूळसुद्धा त्याने स्वतः पुसली होती तेवढीच पुसलेली. मग त्याची नजर काउंटरमागच्या तिच्या खुर्चीवर गेली. खुर्ची नुसती लाकडाची होती. तिच्यावरची चपटी उशी आठवडाभर दिसलीच नव्हती.

"उशी कुठे गेली गं इथली?"

"धुवायला टाकलीय," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

मेहुणा असता तर तो भांडला असता, चार माणसांत त्याची सालटी काढली असती आणि मोकळा झाला असता. चोर बायकोच निघाल्यावर भांडणाचं सगळं बळच गेलं. त्याला अतिशय एकटं वाटलं. सगळं आता सरळ दिसत होतं. बहीणभावाने मिळून ठरवलंय, मिस्त्री सामील, स्वतःची ताई सामील. आपल्याला ऐनवेळी बाजूला काढायचं आणि रॅलीच्या सकाळी गोड बोलून हातात पाण्याचा कॅन द्यायचा. त्या रात्री जेवताना तिने त्याच्या पानात नेहमीपेक्षा जास्त वाढलं, तर त्याला त्यातही काळंबेरं दिसलं.

गुरुवारी ती म्हणाली, "आज दुपारी आईकडे जाऊन येते."

"जा की," तो म्हणाला. ती कोपऱ्यावरून वळली आणि त्याने दुकानाचं शटर ओढलं.

पाइपांच्या चळतीमागे पोट सांभाळून ओणवं बसायला त्याला बराच वेळ लागला. कपड्यांना सिमेंट लागलं, गुडघा कटकन वाजला, आणि बायकोच्या मागावर असा दबा धरून बसलेला नवरा कुणी बघितला तर काय म्हणेल, या विचाराने त्याचे कान लाल झाले. पण समोर कोंबडी धूळ उडवत निघाली होती आणि स्टेअरिंगवर त्याची बायको होती.

ती वेगात नव्हती, हे त्याने आधी बघितलं आणि त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. सरळ पट्ट्यावर तो तिच्या कितीतरी पुढे गेला असता. पण वळणाआधी ती नेमकी सावरायची, गाडीचं मागचं अंग हळूच घसरू द्यायची आणि कोनांच्या मधून अशी बाहेर काढायची, जणू गर्दीतून भरलेलं पातेलं नेते आहे. आजवर दुसऱ्याला वाचून दाखवलेलं प्रत्येक वळण तिच्या हातात मुरलं होतं. शेजारी मेहुणा कागद वाचत होता आणि भीतीने त्याचे पाय वर आले होते. फेरी संपली. कोन सगळे उभे. मिस्त्री या वेळी कुठेही पळाला नाही.

ते बघून चष्मेवाल्याला राहवलं नाही. तो पाइपांमागून बाहेर आला.

"आई कशी आहे?" त्याने लांबूनच ओरडून विचारलं.

ताईच्या हातातून घड्याळ पडता पडता राहिलं. मेहुणा हेल्मेट काढायचं विसरला. बायको तेवढी गाडीतून शांतपणे उतरली.

"माझी जागा कधी काढून घेणार होतात?" तो म्हणाला. आवाज चढला होता, पण शेवटी फाटला. "रॅलीच्या दिवशी? सगळ्यांसमोर?"

"कुणी काढून घेणार नव्हतं."

"मग हे काय आहे? काटा हलवला, व्हॅन हलवली, मला बघून गप्प बसता, चहा विचारता!"

"अरे, काटा तुला दिसावा म्हणून हलवला," ताई म्हणाली. आता तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता. "व्हॅन डावीकडे असली की तू तिच्या पुढे जाऊन थांबतोस. दोनदा माझ्या पायावर गाडी घालत होतास. मी काय दर वेळी उडी मारू? या वयात?"

"वारा होता," चष्मेवाला मेहुण्याकडे बघत म्हणाला.

"वारा नव्हता, भावजी," मेहुणा हेल्मेटातून म्हणाला.

बायको जवळ आली. "दोन महिन्यांपूर्वी मी दुकानात मागच्या दाराने जेवणाचा डबा घेऊन आले. तुम्ही शटर ओढून अक्षरांच्या पाटीसमोर उभे होतात. उजव्या डोळ्यावर हात धरला होता. ते सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर, तेसुद्धा तुम्ही चुकीचं वाचलंत. तीनदा." "मी डबा दारातच ठेवला आणि परत गेले. म्हटलं, सांगतील आपणहून. सांगतील, सांगतील करत शेवटी मीच स्टेअरिंगवर बसले."

"कधीपासून?"

"मागच्या आठवड्यापासून चालवतेय. तुम्हीच चालवणार होतात. फक्त तिथे जंगलात, मधेच कुठेतरी, उजव्याही डोळ्यात कचरा गेला आणि थांबावं लागलं तर? गाडी आणि तुम्हाला घरी कुणीतरी आणायला नको?"

यावर माणसाने शरमावं की चिडावं? चष्मेवाला चिडला. शरम फार मोठी होती, ती एकदम अंगावर घेणं त्याला झेपलं नाही.

"बस," तो म्हणाला. "कागद घे. मला काही झालेलं नाही. दाखवतो."

त्याने उशी काढून मागे भिरकावली, सीट ढकलली आणि कोंबडी सोडली. तो चांगला चालवत होता. निदान त्याला तसं वाटत होतं. खडी खालून तडतडत होती, ती शेजारून सांगत होती, तो दाबत होता, सोडत होता. उजवीकडचे कोन आरशासारखे स्वच्छ दिसत होते, आणि डावीकडचे तिथेच असणार होते, आजवर होतेच की. शेवटच्या वळणातून तो सुसाट बाहेर पडला, गाडी थांबवली आणि छाती फुगवून म्हणाला, "काय?"

ती मागे बघत होती. त्याने मान वळवून मागे पाहिलं. मिस्त्री पळत निघाला होता. सवयीने. मग मिस्त्रीच्या लक्षात आलं की शेठ बघताहेत, आणि तो अर्ध्या वाटेत थांबला. त्याच्या पुढे डाव्या हाताचे कोन एका ओळीत आडवे पडले होते, एकही उभा नव्हता.

"प्रत्येक वेळी?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हल्ली प्रत्येक वेळी," बायको म्हणाली.

दोन महिने तो माणूस आपल्यामागे कोन उभे करत पळत होता, आणि आपण त्याच्या पान्यांचा हिशेब मांडत बसलो. चष्मेवाल्याला मिस्त्रीची माफी मागावीशी वाटली. तिथे जंगलात प्लास्टिकचे कोन नसतात. डाव्या हाताला झाडं असतात, आणि डावीकडे ती बसते. हे त्याने आजवर एकदाही मनात येऊ दिलं नव्हतं. आता ते आलं आणि त्याचे हात स्टेअरिंगवरून आपोआप खाली आले.

तो उतरला. बराच वेळ बॉनेटला हात लावून उभा राहिला. मग तो गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेला.

"सरक," तो म्हणाला. "तिकडे जा. आणि उशी घे, मघाशी टाकली मी ती."

"नक्की?"

"मला विचारू नकोस, नाहीतर मन बदलेल."

ती उजवीकडे जाऊन बसली. मिस्त्रीने न सांगता कोन उभे केले, मेहुणा सुटल्यासारखा व्हॅनकडे पळाला. चष्मेवाल्याने पट्टा आवळला आणि कागद मांडीवर घेतले. अक्षर तिचं, बारीक, पण उजव्या डोळ्याला नीट लागत होतं. मग त्याने सहज मान न वळवता तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

दोन महिने ती त्याच्या डावीकडे बसत होती. धुक्यातून सांगावं तशी वळणं सांगत होती. आता ती उजवीकडे होती, लख्ख. हेल्मेटच्या कडेने एक पांढरी बट बाहेर आलेली. खालचा ओठ दातांत धरलेला, तो किती दिवस धरत असेल कोण जाणे, कारण त्यावर बारीकशी खपली होती. आणि घाम पुसताना हात लागून गालभर ओढला गेलेला लाल पावडरीचा पट्टा.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"गालाला लाल लागलंय."

तिने आरशात बघितलं, मग आपल्या तळव्यांकडे, मग स्टेअरिंगच्या शिवणीकडे. तिला सगळं उमगायला फार वेळ लागला नाही.

"कमाल आहे तुमची," ती म्हणाली, आणि आरसा स्वतःला दिसेल असा सरकवला. ठिपक्यावरून चांगला दोन बोटं.

लांबून ताईने हात वर केला. चष्मेवाल्याने कागदावर बोट ठेवलं, घसा साफ केला आणि पहिलं वळण जरा लवकरच सांगितलं.